काट्याआधी वही बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबत व्यायामाच्या वहीच्या पानांचे फोटोही. पत्रभर तू वजनाबद्दल लिहिलं आहेस. सहा आठवड्यांत ७८ किलोवरून ७०. मी मात्र आधी वहीच वाचली. पहिल्या आठवड्यात बेंच प्रेसला ६० किलो, आठ-आठ रेप्सचे (रेप म्हणजे एक उचल) तीन सेट. चौथ्या आठवड्यात तेच ६० किलो, पण रेप्स पाच. सहाव्यात तू प्लेट्स उतरवून ५२.५ वर आलास आणि तिथेही सहाव्या रेपला अडलास. स्क्वॉटची तीच गत. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंयस, 'कटिंग चालू आहे, म्हणून वजन कमी, रेप्स जास्त.' कटिंग म्हणजे स्नायू राखून चरबी उतरवणं, आणि मला काळजी वाटली ती या ओळीची.

आधी थोडं गणित करू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. स्नायूत बराचसा भाग पाण्याचा, त्यामुळे एक किलो स्नायू मोडून शरीराच्या हाती १,८०० च्या आसपासच कॅलरी लागतात. म्हणजे कॅलरींची तूट तेवढीच असली, तरी ती स्नायूतून भरून निघत असेल तर काटा चौपट वेगाने खाली येतो. काटा भराभर उतरतोय म्हणून तू खूश आहेस, आणि मला नेमकी त्याचीच शंका येते.

आता हेच तुझ्या आकड्यांना लावून बघ. आठ किलो निव्वळ चरबी सहा आठवड्यांत जायची तर रोज जवळपास दीड हजार कॅलरींची तूट हवी. तू कळवलेला आहार आणि रोजचं तासभर पळणं धरलं तरी तुझी तूट हजाराच्या घरात येते. तेवढ्यात बेचाळीस दिवसांत साडेपाच किलोच्या आसपासच चरबी जाऊ शकते. उरलेल्या अडीच किलोंत काही पाणी नक्की आहे. स्नायूंत साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, आणि खाणं कमी केलं की पहिल्या आठवड्यातच ते निघून जातं. ते परतही येतं, त्याचं काही नाही. पण सलग तीन-चार आठवडे सगळ्याच व्यायामांचे आकडे घसरतात, तेव्हा सगळा दोष पाण्यावर टाकता येत नाही.

शरीर काय राखायचं आणि काय सोडायचं, हे बरंचसं वापरावरून ठरवतं. खाणं अपुरं असताना जो स्नायू जड वजन उचलायच्या कामी येतो, तो टिकवायला त्याला कारण असतं. तू बारवरचं वजनच उतरवलंस की ते कारण गेलं. जास्त रेप्स मारून त्या जागेवरची चरबी वितळते, ही समजूत जिममध्ये फार पक्की आहे. पण पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही. ती कुठून आधी जाणार हे शरीर ठरवतं, आपल्या हाती फक्त एकूण तूट असते. त्यामुळे कामं वाटून दे. चरबी उतरवायचं काम ताटाचं. वेट ट्रेनिंगचं काम या काळात एकच, स्नायू राखणं. तिथे कॅलरी मोजत बसू नकोस.

मग करायचं काय? बारवरचं वजन तेच ठेव आणि सेट कमी कर. स्नायू वाढवायला जेवढं काम लागतं, त्याच्या बऱ्याच कमी कामात तो टिकतो. पाच सेट मारत असशील तर तीन मार, दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती घे, पण बारवरच्या प्लेट्सना हात लावू नकोस. आठवड्यातून तीन दिवस पुरे. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, खांद्यांसाठी ओव्हरहेड प्रेस, जमत असतील तर पुल-अप्स. बाकीचे छोटे व्यायाम या दिवसांत सोडलेस तरी बिघडत नाही. एखाद्या दिवशी एक-दोन रेप्स कमी पडले तर मनावर घेऊ नकोस, झोप नीट झाली नसेल. दोन-तीन आठवडे ओळीने सगळंच घसरायला लागलं, तर समज की खाणं फार तोडलंयस. तुझी वही हेच सांगत होती.

खाण्याबद्दल तू विचारलं आहेस, रात्रीचं जेवण सोडलं तर चालेल का. जेवण कोणत्या वेळचं सोडतोस याने फारसा फरक पडत नाही, दिवसाची बेरीज काय होते ते बघ. रोज ३०० ते ५०० कॅलरींची तूट ठेव, त्याहून जास्त नको. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतार पुरे, म्हणजे तुझ्या बाबतीत ३५० ते ७०० ग्रॅम. आणि तू आता बऱ्यापैकी बारीक झाला आहेस. चरबीचा साठा जितका कमी, तितका स्नायू जायचा धोका जास्त, म्हणून तू खालच्या आकड्याजवळच राहा.

घाई केल्याने काय होतं, यावर नॉर्वेतल्या खेळाडूंवर झालेला एक अभ्यास आहे, २०११ साली प्रसिद्ध झालेला. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के वजन उतरवलं, दुसऱ्याने १.४ टक्के. वेट ट्रेनिंग दोघांचंही चालू होतं. सावकाश उतरलेल्या गटाचं चरबीविरहित वजन, म्हणजे चरबी सोडून स्नायू वगैरे बाकी सगळं, उलट दोन टक्क्यांनी वाढलं, घाईच्या गटाचं होतं तिथेच राहिलं. तुझा वेग दीड टक्क्याच्याही पुढे होता.

प्रथिनांच्या बाबतीत मात्र तडजोड करू नकोस. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ते २.२ ग्रॅम. तुला साधारण ११२ ते १५४ ग्रॅम पडतील. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, शिजवलेल्या शंभर ग्रॅम चिकनच्या छातीच्या मांसात तीस. हे आकडे समोर ठेवून दिवसाची बेरीज केलीस की कळेल, तू आत्ता निम्म्यावरही पोचत नाहीस. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१६ मध्ये चाळीस तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा तब्बल चाळीस टक्के कमी कॅलरी देऊन भरपूर व्यायाम करायला लावला होता. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांनी साडेतीन किलो चरबी घालवली. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची पावणेपाचच्या वर गेली आणि वर सव्वा किलोच्या आसपास चरबीविरहित वजन वाढलं. इतकी मोठी तूट तू करू नयेस, ते सगळं देखरेखीखाली चाललं होतं. पण प्रथिनांचं महत्त्व त्यावरून लक्षात येईल. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचार. तेल-तूप, दाणे, बिया अगदी बंद करू नकोस, संप्रेरकांना स्निग्ध पदार्थ लागतात. कर्बोदकं कमी करायची असतील तर कर, पण व्यायामाआधीची ठेव, नाहीतर बारखाली दम टिकणार नाही.

रोजचं तासभर पळणं थांबव. चाल. आधीच उपाशी, त्यात पायांची दमछाक, मग स्क्वॉट कुठून होणार? शिवाय खाणं कमी झालं की माणूस नकळत कमी हलतो, बसला की बसून राहतो, आणि केलेल्या तुटीतला काही भाग तिथेच जातो. रोजची पावलं ठरलेली ठेवलीस की ती गळती थांबते.

झोपेची गोष्ट तू एका ओळीत उरकली आहेस, 'पाच-साडेपाच तास होते.' शिकागो विद्यापीठातल्या २०१० च्या प्रयोगात त्याच माणसांना एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास झोपायची मुभा दिली होती, दोन्ही वेळा दोन-दोन आठवडे, आहारातल्या कॅलरी सारख्याच. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, तीन किलो. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकीचं चरबीविरहित वजन. माणसं थोडीच होती, तरी तुला जागं करायला एवढं पुरे.

वजन रोज सकाळी पोट साफ झाल्यावर कर, पण बघायची ती आठवड्याची सरासरी. पंधरा दिवसांनी बेंबीपाशी टेप लाव. शरीरातल्या चरबीचे टक्के दाखवणाऱ्या काट्यावर विसंबू नकोस, पाणी कमी-जास्त झालं की त्याचा आकडा हलतो. फॅट बर्नरवर, म्हणजे चरबी जाळतात म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांवर, पैसे घालवू नकोस. क्रिएटिन (व्यायाम करणारे ताकदीसाठी घेतात ती पूड) रोज तीन ते पाच ग्रॅम घ्यायला हरकत नाही, सुरुवातीला किलोभर पाणी धरेल एवढंच.

आत्तासाठी असं कर. दोन आठवडे तूट पूर्ण बंद. वजन स्थिर राहील इतकं खा. काटा किलो-दीड किलो वर जाईल, घाबरून पुन्हा उपास सुरू करू नकोस. तेवढ्यात बेंच प्रेसला ५५, मग ५७.५, असं करत ६० कडे परत चढ. ताकद परत आल्यासारखं वाटलं की मग सावकाश तुटीला लाग.

किती खाली जायचं, असंही विचारलं आहेस. टक्क्यांचं लक्ष्य मी देणार नाही. सतत थंडी वाजायला लागली, झोप मोडायला लागली, चिडचिड वाढली, तर तिथे थांब. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात छत्तीस तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांनी वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गमावला, आणि जेवण, पाककृती, ताट याखेरीज त्यांच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. तू लिहितोस की वाचायला बसलास तरी पुढच्या जेवणाचाच विचार येतो. हे मला मुळीच आवडलेलं नाही. पोटभर खायला लागल्यावरही आठवडाभरात ते कमी झालं नाही, तर पत्राची वाट बघू नकोस, मला फोन कर. आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ.

तुझा,
सर