बेसबॉलमध्ये सुमार खेळाडू थोर मॅनेजर कसा होऊ शकतो? एखादे उदाहरण द्याल का?

आपला प्रश्न वाचताच मला अमेरिकेतले मॅनेजर स्पार्की अँडरसन आठवले. पण त्याआधी एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हटला की प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था पाहणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो; बेसबॉलमधला मॅनेजर मात्र खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये असतो आणि फलंदाजीचा क्रम काय ठेवायचा, पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) केव्हा बदलायचा, हे सारे तोच ठरवतो.

अँडरसन हे सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचे क्षेत्ररक्षक, होते. त्यांचे खरे नाव जॉर्ज. पंचांशी वारंवार हुज्जत घालत असल्यामुळे १९५५ साली टेक्सास लीगमध्ये एका रेडिओ समालोचकाने त्यांना 'स्पार्की' म्हणायला सुरुवात केली. मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेत त्यांच्या वाट्याला फिलाडेल्फिया फिलीजकडून १९५९ चा एकच हंगाम आला, आणि त्या १५२ सामन्यांत त्यांची फलंदाजीची सरासरी होती ०.२१८, म्हणजे शंभरात जेमतेम बावीस वेळा यशस्वी फटका; होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) एकही नाही. पुढे ते टोरोंटोच्या मायनर लीगमधल्या (खालच्या स्तरावरच्या) संघाकडून खेळले आणि १९६४ मध्ये, वयाच्या तिशीत, त्याच संघाचे मॅनेजर झाले.

१९७० मध्ये सिनसिनाटी रेड्सची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा 'हा कोण बुवा?' असाच सूर होता. १९७५ च्या मे महिन्यात त्यांनी लेफ्ट फिल्डमध्ये (मैदानाच्या डाव्या टोकाला) मुरलेल्या पीट रोझ या नामांकित खेळाडूला तिथून हलून थर्ड बेसवर (तिसऱ्या बेसजवळ) खेळशील का, असे विचारले. हुकूम सोडला नाही, विचारले, आणि माझ्या मते त्यांचे मर्म इथेच आहे; स्वतः कधी तारा नसलेल्या माणसाला ताऱ्यांचा मान कसा राखायचा हे कळत होते. रोझच्या रिकाम्या जागी जॉर्ज फॉस्टर आला, संघाने १०८ सामने जिंकले आणि त्या वर्षीची व पुढच्या वर्षीचीही वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, खिशात घातली. पिचरच्या बाबतीत मात्र ही भिडस्त वृत्ती नव्हती. जरा मार बसू लागला की ते त्याला बाहेर काढत, म्हणून त्यांना 'कॅप्टन हुक' (जणू आकडा लावून ओढून काढणारा) म्हणत.

पुढे ते डेट्रॉइट टायगर्सचे मॅनेजर झाले. १९८४ मध्ये या संघाने पहिल्या ४० पैकी ३५ सामने जिंकले. वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगला प्रतिस्पर्धी पिचर गॉसेज याने आपल्या मॅनेजरला गळ घालून टायगर्सचा फलंदाज कर्क गिब्सन याला मुद्दाम वॉक देणे (फटक्याची संधी न देता फुकट पहिल्या बेसवर जाऊ देणे) टाळले, तेव्हा अँडरसन डगआउटमधून गिब्सनला उद्देशून 'त्याला तुला वॉक द्यायचा नाहीये!' असे ओरडत राहिले, आणि गिब्सनने तीन धावांचा होमरन ठोकला. मेजर लीगच्या अमेरिकन व नॅशनल या दोन्ही लीगमधल्या संघांना वर्ल्ड सिरीज जिंकून देणारे ते पहिले मॅनेजर ठरले.

अर्थात सुमार खेळाडूच चांगला मॅनेजर होतो, असा नियम यावरून काढू नये. याच अँडरसन यांच्या संघाने १९८९ मध्ये १०३ सामने गमावले आणि त्या हंगामात थकव्यामुळे त्यांना काही दिवस घरी जावे लागले.