प्ले स्टोअरवर "हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही" असं येतंय, काय करू?

आधी सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" उघडून अँड्रॉइडची आवृत्ती बघा. बहुतेक वेळा घोडं तिथंच अडतं: ॲपला लागते त्यापेक्षा तुमची आवृत्ती जुनी असते. सिस्टम अपडेट आलं असेल तर ते करून घ्या, प्रश्न मिटला. कंपनीने अपडेट देणंच बंद केलं असेल, तर त्याच ॲपची लाइट आवृत्ती किंवा वेबसाइट वापरा.

उलटंही होतं, आणि ते पटकन लक्षात येत नाही. फोन नवा, ॲप जुनं. अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या आवृत्त्यांसाठी बनवलेली ॲप्स अँड्रॉइड १४ पासून इन्स्टॉलच होत नाहीत. पिक्सेल ७ सारखे काही फोन तर फक्त ६४ बिट (नव्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी बनवलेली) ॲप्स चालवतात. जुन्या धाटणीचं ३२ बिटवालं ॲप तिथं नाहीच चालणार.

आवृत्ती ठीक असूनही तोच मेसेज येतोय? मग प्ले स्टोअरचा कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) आणि डेटा साफ करून फोन रीस्टार्ट करा. कधी ॲपला लागणारा सेन्सर किंवा एनएफसी (फोन टेकवून पैसे वगैरे द्यायची सोय) फोनमध्ये नसतं, त्याला इलाज नाही. कुठल्यातरी साइटवरून एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) उतरवायचा सल्ला मिळेल. बँकेच्या ॲपसाठी तर मुळीच ऐकू नका.