‘कझिन’ला मराठीत एकच शब्द का सापडत नाही?

प्रश्न असा आला आहे: इंग्रजी कादंबरीच्या अनुवादात ‘हा माझा कझिन’ असं वाक्य आहे. तिथे कोणता मराठी शब्द घालावा? आणि मराठीत चार शब्द अन् इंग्रजीत एकच, म्हणजे पाश्चात्त्यांना नात्यांची कदर नाही, असं समजायचं का?

आधी मराठीचा हिशेब. काकांची मुलं चुलत, आत्याची आते, मामाची मामे आणि मावशीची मावस. यातल्या चुलत आणि मावस या नात्यांत दोन्ही बाजूंनी शब्द तोच राहतो. तो माझा चुलतभाऊ, तर मीही त्याचा चुलतभाऊच. आते-मामेचं तसं नाही. तो माझा मामेभाऊ असेल तर मी त्याचा आतेभाऊ. बोलताना सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, दोघंही एकमेकांना ‘मामेभाऊ’ म्हणून मोकळे होतात. जोडीबद्दल बोलायचं तर ‘आते-मामे भावंडं’ हा तयार जोडशब्द आहे. हा भेद नुसता शब्दांचा नाही. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं आहे, काकांच्या मुलीशी नाही. मग दोघींना एकच शब्द कसा पुरेल?

कदर नसल्याचा निष्कर्ष मात्र टिकत नाही. लॅटिनमध्ये काका, मामा, आत्या, मावशी यांना चार वेगळे शब्द होते. त्यातल्या मामाच्या शब्दापासून (आवुंकुलुस) आजचा ‘अंकल’ आला आणि आत्याच्या शब्दापासून (आमिता) ‘आंट’. म्हणजे शेजारच्या काकांना अंकल म्हणणारं पोर व्युत्पत्तीने त्यांना मामा बनवत असतं! ‘कझिन’चं मूळही लॅटिनमध्ये मावसभावंडापुरतं होतं. जुन्या इंग्रजीतही काका आणि मामा यांचे शब्द निराळे होते. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राजवटीबरोबर फ्रेंच शब्द आले आणि हे जुने शब्द मागे पडत गेले. स्वीडिशमध्ये आजही काका ‘फारब्रोर’ (बापाचा भाऊ) आणि मामा ‘मोरब्रोर’ (आईचा भाऊ). गंमत म्हणजे चुलत-मावस भेद मात्र तिथेही नाही, सगळे ‘कुसिन’.

उलट जपानी ही आशियाई भाषा, पण बोलताना तिथे चुलत, आते, मामे, मावस अशी सगळी भावंडं ‘इतोको’. चिनीत वेगळीच वाटणी आहे: काकांची मुलं ‘तांग’, आते, मामे आणि मावस ही तिन्ही ‘ब्याओ’. त्यावर वयाने मोठा की लहान आणि मुलगा की मुलगी हे धरून एकूण आठ शब्द होतात. कोण मोठं हे कळल्याशिवाय चिनी अनुवादकाचं पान पुढे सरकत नाही. आपली अडचण त्या मानाने हलकीच.

आता अनुवादाचं. माहिती नसेल तेव्हा ‘चुलत’ हा बिनधोक शब्द समजून सरसकट वापरला जातो. ते टाळा, कारण दोनशे पानांनंतर तो आईच्या भावाचा मुलगा निघाला तर सगळं परत तपासत बसावं लागतं. आडनाव सारखं असेल तर चुलत असण्याची शक्यता वाढते, पण खात्री नाही. म्हणून वारसा, आजोळ, आईचं माहेरचं आडनाव असे धागे पूर्ण पुस्तकात आधी शोधून ठेवा. काहीच सापडलं नाही आणि मुलगा की मुलगी हेही कळत नसेल, तर नपुंसकलिंगी ‘भावंड’ हा शब्द कामाला येतो: ‘ते माझं भावंड लागतं’. ‘लागतं’मुळे सख्खं नाही हेही सुचतं. आजच्या काळातल्या संवादात सरळ ‘कझिन’ ठेवायलाही माझी हरकत नाही, लोक बोलतातच तसं. शेक्सपिअरच्या काळातला मजकूर असेल तर जास्त जपा. तेव्हा पुतण्या-भाच्यालाही कझिन म्हणत.

‘फर्स्ट कझिन’ आलं तर ‘सख्खा चुलत’, ‘सख्खा मावस’ हा आपला प्रयोग चपखल बसतो. ‘सेकंड कझिन’ म्हणजे ज्यांचे पणजोबा-पणजी एक, तिथे वडिलांकडून वडिलांकडे जाणारं नातं असेल तर ‘चुलत-चुलत’. ‘वन्स रिमूव्ड’ म्हणजे एका पिढीचा फरक. त्याचा शब्दशः अनुवाद करू नका. वडिलांचा चुलतभाऊ असेल तर नुसतं ‘चुलतकाका’ लिहा.