ब्यर्क आणि आपला भूर्ज

प्रश्न : आइसलँडच्या गायिकेमुळे ‘ब्यर्क’ हे नाव कानावर पडलं. त्याचा अर्थ काय, आणि उच्चार नेमका कसा करायचा?

उत्तर : ब्यर्क म्हणजे भूर्जवृक्ष. आइसलँडमध्ये आपलं आपण जंगल करून वाढणारं देशी झाड हे एकच. बुटकं, वाकड्यातिकड्या खोडाचं. नवव्या शतकात माणसं तिथे वस्तीला आली तेव्हा देशाची किमान पाव हिस्सा जमीन भूर्जवनाखाली होती, असा अंदाज आहे. पुढे सरपण, कोळसा आणि मेंढ्यांची चराई यांनी ती वनं संपवत आणली. आज ती जेमतेम दीड टक्का उरली आहेत. म्हणून मुलीचं नाव ब्यर्क ठेवणं मला फार हृद्य वाटतं. उच्चारासाठी ‘ओ’ म्हणताना करतो तसे ओठ गोल करा आणि तोंडाने ‘ए’ म्हणा. तो स्वर ‘ब्य’ आणि ‘र्क’च्या मध्ये येतो. सगळं नाव एका दमात.

प्रश्न : ब्यर्क आणि भूर्ज हे शब्द सारखे वाटतात. हा योगायोग आहे का?

उत्तर : मुळीच नाही, एकाच मूळ शब्दाची ही दोन रूपं आहेत. आपल्याकडच्या ‘भ’च्या जागी तिकडे ‘ब’ येतो : भ्राता, तर तिकडे ‘ब्रोदिर’. काही शब्दांत आपल्या ‘ज’च्या जागी ‘क’ येतो : आपलं जाणणं, तर त्यांचं ‘कुन्ना’. हे दोन्ही बदल भूर्जाला लावून पाहा, ब्यर्क जवळ येतो. मुळात ‘पांढरं, चकाकणारं’ असा अर्थ असावा, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि झाडाची साल पाहिली की ते पटतं. फिकट, गुळगुळीत, अंगावर आडव्या बारीक रेघा. नख लावलं की कागदासारखा पापुद्रा सुटून येतो. हिमालयातल्या भूर्जाची जात वेगळी, पण कूळ तेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत काश्मीरमधून आलेली ऋग्वेदाची एक पोथी अशाच सालीवर, शारदा लिपीत लिहिलेली आहे. संस्थेच्या ज्या तीस ऋग्वेद हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती-नोंदीत स्थान मिळालं, त्यांत तीही आहे. तिकडे रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत ‘ब’ या अक्षराचं नावच ‘ब्यार्कन’, म्हणजे पुन्हा भूर्ज!

प्रश्न : ‘ब्यार्की’ हे मुलाचं नाव म्हणजे ब्यर्कचंच पुल्लिंगी रूप ना?

उत्तर : नाही. ब्यार्की म्हणजे छोटं अस्वल. नाव ठेवताना लोक इथे हमखास फसतात.

प्रश्न : बातमीत गायिकेचा उल्लेख ‘श्रीमती गुदमुंड्सदोत्तिर’ असा वाचला. बरोबर आहे का?

उत्तर : तसं लिहू नये. ते आडनाव नाही, ‘गुदमुंदुरची मुलगी’ एवढाच त्याचा अर्थ. ‘दोत्तिर’ म्हणजे आपली दुहिता. आइसलँडमध्ये राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्याच नावाने ओळखतात आणि टेलिफोनच्या छापील यादीतही क्रम पहिल्या नावाचा असे. आईचं नाव लावायचं असेल तर ब्यर्कची मुलगी ‘ब्यार्कारदोत्तिर’ होईल. षष्ठीत ब्यर्कचं ‘ब्यार्कार’ होतं. तिथल्या कायद्यातही याला महत्त्व आहे. नव्या नावांना मंजुरी देणारी नामसमिती १९९१ पासून काम करते, आणि नावाला षष्ठीचा प्रत्यय नीट लागतो का, हे ती आधी तपासते.