काळे पट्टे राहू द्या

सिनेमाची डिस्क घेताना आधी मागे छापलेलं गुणोत्तर, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या किती पट ते, वाचा. सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं 1953 मध्ये, चौकट 2.55:1, पुढे 2.35. 'बेन-हर' (1959) तर तब्बल 2.76:1, म्हणजे टीव्हीवर वरखाली जाड काळे पट्टे येणारच. ते घालवायला रिमोटवरचं झूम दाबलंत, की रथांच्या शर्यतीतले कडेचे घोडे गेलेच म्हणून समजा!

सिनेरामाची तऱ्हाच वेगळी. तीन प्रोजेक्टर, तीन चित्रं शेजारी-शेजारी जोडलेली, वक्र पडदा. 'हाउ द वेस्ट वॉज वन'च्या ब्लू-रेवर साध्या आवृत्तीत आडव्या सरळ रेषा जोडापाशी मोडल्यासारख्या दिसतात. वक्र पडद्याची नक्कल करणाऱ्या स्माइलबॉक्स आवृत्तीत चित्र कडांना उंच, मध्ये बुटकं. मला तीच पटते.

जुन्या डीव्हीडीवर नुसतं 'लेटरबॉक्स' (काळे पट्टे चित्रातच धरलेले) असेल, 'अ‍ॅनामॉर्फिक' (रुंद टीव्हीसाठी चित्र आडवं दाबून साठवलेलं) नसेल, तर स्वस्तात मिळाली तरी सोडा. आजच्या टीव्हीवर चहूबाजूंनी काळं आणि मधे एवढुसं चित्र दिसेल.