शिवेवरचा नारळ

प्रिय मनू,

रविवारी आजी फोनवरून शिवेवरचं गाऱ्हाणं दाखवत होती. राखणदार देवापुढे रोट, म्हणजे जाड भाकरी, आणि नारळ ठेवलेला. गावकर म्हणत होते, "आमच्या शिवेच्या आतली गुरंवासरं, पोरंबाळं सांभाळ," आणि मागून सगळे, "होय म्हाराजा!" तू मध्येच विचारलंस, "आई, तुमचा देव शिवेवरच का थांबतो? पलीकडच्या माणसांचं काहीही झालं तरी चालतं का?" मी "जेवण गार होतंय" म्हणून उठले. प्रश्न लागला होता, पण त्यातला "तुमचा" जास्त लागला.

तू उगाच विचारलं नाहीस हे मला ठाऊक आहे. आदल्या रात्री तू २५ एप्रिलच्या, इथल्या पोर्तुगालच्या क्रांतिदिनाच्या, शाळेतल्या प्रकल्पासाठी पश्चिम आफ्रिकेतल्या कोनाक्री शहरावरच्या हल्ल्याबद्दल वाचत होतीस, अर्धं पान मलाही वाचून दाखवलंस. मला मात्र तेव्हा कोनाक्री दिसलं नाही, गोव्यात पेडण्यातला आपला वहाळ, आपला ओढा दिसला.

मी चौथीत होते. काजूच्या बागेवरून आमचं आणि चुलत घराचं भांडण चालू होतं. घरात ते कुणालाच नको होतं. तुझी आजी काकांना विनवायची, आबा गप्प असायचे, गडीसुद्धा कंटाळले होते. पण थोरल्या काकांना माघार घेणं जमेना. एका रात्री काजूबियांची पोती गेली आणि ती वहाळापलीकडच्या मांगरात, शेतातल्या खोपटात, असल्याचं काकांना कळलं. मांगर तिसऱ्याचाच, शेजारच्या गावातल्या माणसाचा. त्याने ती राजीखुशीने ठेवून घेतली, की त्याला कुणी विचारलंच नाही, हे आजवर मला कळलेलं नाही. काका चार माणसं घेऊन वहाळ ओलांडून गेले, कुलूप तोडलं आणि दोन पोती घेऊन आले. सकाळी अंगणातली ती पोती बघून मला केवढा अभिमान वाटला होता!

आठवड्याच्या आत वहाळापलीकडचा अख्खा वाडा चुलत घराच्या बाजूने उभा राहिला. तोवर त्यांना आमच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिकडची पायवाट आमच्या गुरांना बंद झाली. माझ्या आतेचं तिकडे ठरत आलेलं लग्न मोडलं. म्हापशाच्या कोर्टात एकाच्या दोन केसी झाल्या. आधी काकांना एका घराशी समेट करायचा होता, आता गावाशी करायचा होता. आणि गाव म्हटल्यावर नेमकं कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

पोती त्या मांगरात खरोखर होती, मनू. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझा गोंधळ तिथेच होतो.

कोनाक्रीतही खोटं काही नव्हतं. पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींमधल्या लढाया १९६१ ला अंगोलात सुरू झाल्या, १९६३ ला गिनी-बिसाऊत. इथल्या घरांना त्या नकोशा झाल्या होत्या. भरती चुकवायला हजारो मुलं चोरवाटांनी फ्रान्सला गेली. गिनी-बिसाऊच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आमिल्कार काब्राल यांच्या पक्षाचं ठाणं शेजारच्या गिनी देशात, कोनाक्रीतच होतं. म्हणून २२ नोव्हेंबर १९७० ला पोर्तुगालने समुद्रातून त्या शहरावर हल्ला केला. २६ पोर्तुगीज कैदी सुटले. त्यांच्या आयांचा आनंद मी कमी लेखणार नाही. पण काब्राल त्या दिवशी शहरात नव्हते, आणि गिनीचे अध्यक्ष सेकू तुरे यांना उलथून टाकायचं होतं तेही जमलं नाही. ८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने पोर्तुगालचा निषेध केला. सोव्हिएत युद्धनौका त्या किनाऱ्यावर येऊन राहू लागल्या. तुरे यांनी फितूर शोधायच्या नावाखाली आपलीच माणसं बुआरोच्या छावणीत कोंडली आणि जानेवारी १९७१ मध्ये काहींना जाहीर फाशी दिली. लिस्बनच्या सरकारला थकवणारं युद्ध होतं तिथेच राहिलं, वर एका शेजारी देशाचं घर आतून पेटलं. हल्ल्याच्याच वर्षी, १९७० च्या एप्रिलअखेर, अमेरिका व्हिएतनामचं युद्ध उघडपणे कंबोडियात घेऊन गेली होती. कारण तेच, शत्रू पलीकडे लपतो. कंबोडियाचं पुढे जे झालं त्याचा सगळा दोष त्या एका निर्णयावर टाकता येत नाही, पण वाचताना माझा हात थरथरतो.

म्हणून मला वाटतं, शिवेवरचा राखणदार पलीकडच्यांना अडवायला नसेल, आम्हाला अडवायला असेल. निदान काकांना त्या रात्री कुणीतरी अडवायला हवं होतं.

पण शीव म्हणजे पवित्रच, असंही मला लिहवत नाही. आजीचं माहेर गोव्याच्या हद्दीपलीकडच्या बांद्याचं, आपल्या घरापासून चालत दोन-तीन तासांवर. तिचं लग्न १९५४ चं. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला त्याच हद्दीवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने नाकेबंदी कडक केली. गोवा मुक्त होईपर्यंत आजीला माहेर दिसलं नाही. तिचे वडील त्याच काळात गेले, निरोप आला तो आठ दिवसांनी. कुणाच्या तरी कागदावरची शीव तिच्या पोटातून गेली होती. तीच आजी दर वर्षी शिवेवर नारळ ठेवते. हे मला कधीच नीट जुळवता आलेलं नाही, आणि तुला ते पटलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. डिसेंबरात आपण जाऊ तेव्हा रोटाला यायचं की नाही ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही.

एक मात्र लहानपणापासून बघत आलेय. केसी चालू होत्या त्या वर्षांपासून आजी केळीचं एक पान शिवेच्या धोंड्याच्या पलीकडच्या बाजूलाही मांडते. रविवारी फोनमध्ये ते पान दिसत होतं, गावकरांच्या पायाजवळ. का मांडते ते मी तिला कधी विचारलं नाही. येत्या रविवारी तू विचार. जरा मोठ्याने विचार, डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं.

तुझी,
आई