दिवस राहिल्यावर फिटची गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की सहावा आठवडा चालू आहे, लॅमोट्रिजिन घेताय, दीड वर्षात फिट आलेली नाही आणि घरचे म्हणतायत, बाळासाठी आता गोळ्या थांबव. मला कॉलेजपासून अपस्मार आहे, गोळी हीच, आणि मुलगी आता शाळेत जाते. स्वतःच्या मनाने एकही गोळी कमी करू नका.

घरच्यांची भीती अगदीच निराधार नाही. व्हॅल्प्रोएट नावाचं औषध खरोखर घातक ठरतं: शंभरातल्या साधारण १० बाळांत जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० मुलांत पुढे बोलण्या-शिकण्याच्या अडचणी. त्याच्यापायी फिटच्या सगळ्याच गोळ्या बदनाम झाल्या. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटाम घेणाऱ्यांत व्यंगाचं प्रमाण शंभरात दोन-तीन, म्हणजे काहीच औषध न घेणाऱ्या बायकांइतकंच जवळपास. उलट गोळी एकदम तोडली आणि मोठी फिट आली, तर पोटावर पडणं, बाळाचा प्राणवायू कमी होणं, शिवाय तुमच्या जिवाला धोका. (व्हॅल्प्रोएट घेणारी कोणी हे वाचत असेल तर तिनेही परस्पर बंद करू नये, पण डॉक्टरांना आजच फोन करावा.)

आता मुद्द्याचं. गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन फार झपाट्याने बाहेर टाकतं. तेवढीच गोळी घेऊनही रक्तातली पातळी निम्म्यावर येऊ शकते. म्हणून रक्ततपासणीत आत्ताची पातळी बघून ठेवा. पुढे तुलना करायला तीच उपयोगी पडते. माझा डोस नऊ महिन्यांत वाढत गेला. घरी सगळ्यांचे चेहरे पडले होते, 'बंद करायची सोडून वाढवतेस?' मी नवऱ्याला न्यूरॉलॉजिस्टच्या समोर बसवलं, माझं काम हलकं झालं.

बाळंतपणानंतर हीच गंमत उलटी फिरते. पातळी काही दिवसांतच वर चढते आणि वाढवलेला डोस जड होतो. मला बाळाला पाजताना समोरच्या दाराच्या दोन चौकटी दिसायला लागल्या, उठलं की झोक जायचा. सगळे म्हणाले, अशक्तपणा आहे, जागरण आहे. डोस उतरवला आणि चौकट परत एक झाली. तेव्हा डोस कधी आणि किती उतरवायचा, हे सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. प्रसूतीच्या धांदलीत ते कुणाच्याच लक्षात राहत नाही.

फॉलिक ॲसिड चालू नसेल तर आजच विचारा. आपल्याला कधी कधी जास्त डोस देतात, किती तो डॉक्टर ठरवतील. उलट्या होत असतील आणि गोळी पडली असं वाटलं, तर परत घ्यायची का हेही आधीच विचारून ठेवा. विसाव्या आठवड्यानंतर फिट आली तर 'हिला आहेच' म्हणून सोडून देऊ नका, बीपी वाढूनही झटके येतात. लगेच दवाखाना गाठायचा.

फक्त अपस्मार आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. अंगावर पाजताही येतं. झोप मात्र मागून घ्यावी लागते, कारण जागरणाने फिट येते. रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर नवऱ्याकडे सोपवा. बाळाचे कपडे जमिनीवर गादी टाकून बदला, आणि घरात दुसरं कोणी नसताना त्याला आंघोळ घालू नका.

हो, आणि नंतर गर्भनिरोधक गोळी सुरू करायची झाली तर आधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनीही लॅमोट्रिजिनची पातळी खाली येते, आणि ती लिहून देणाऱ्याला तुमच्या फिटचं माहीत असेलच असं नाही.